फ्रीजमधली फुलपाखरं दाखवणारा मॅक्रो कॅम्प

गणपती उरकले की फुलपाखरांचा हंगाम भरात येतो आणि त्याच सुमाराला मॅक्रो फोटोग्राफीच्या, म्हणजे कीटकांसारख्या इवल्या गोष्टींचे अगदी जवळून फोटो काढण्याच्या, कॅम्पच्या जाहिरातीही फिरायला लागतात. दोन रात्री, राहणं-जेवण, नामांकित मार्गदर्शक आणि 'हमखास' फुलपाखरं. मागच्या ऑक्टोबरात आंबोलीला झालेल्या अशाच एका कॅम्पसाठी मी साडेबारा हजार रुपये भरले होते. तिथं काय झालं ते सविस्तर लिहितोय, कारण ती मंडळी आजही तोच धंदा करताहेत आणि त्यांच्याकडे पैसे भरणाऱ्यांत नुकताच पहिला कॅमेरा घेतलेली कॉलेजची पोरं असतात, पेन्शनमधून हौस भागवणाऱ्या बाई असतात.

एक आधीच सांगतो. आंबोलीतल्या स्थानिक अभ्यासकांचा आणि पावसाळ्यात रात्री बॅटरी घेऊन बेडूक दाखवायला नेणाऱ्या तिथल्या पोरांचा या प्रकाराशी काहीही संबंध नाही. आयोजक बाहेरचे होते. रिसॉर्ट भाड्यानं घेतलेलं होतं.

जाहिरातीत ब्लू मॉर्मन मिळणार असं ठळक लिहिलं होतं. २०१५ साली महाराष्ट्रानं ज्याला राज्य फुलपाखराचा मान दिला तेच हे नीलवंत. काळ्या मखमली पंखांवर फिकट निळे पट्टे आणि मागच्या पंखांवर काळे ठिपके. खाली छापलेला फोटो मात्र मॉर्फोचा होता, म्हणजे पूर्ण पंखभर धातूसारखी निळी झळाळी असलेल्या फुलपाखराचा. मॉर्फो मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. सह्याद्रीत तो दिसणं शक्यच नाही. मी फोन करून विचारलं तर "डिझायनरची गडबड झाली सर, बदलतो" असं उत्तर आलं. तो फोटो शेवटपर्यंत बदलला नाही. पैसे यूपीआयवरून एका माणसाच्या वैयक्तिक खात्यावर मागवले होते. पावती कॅम्पवर मिळेल म्हणाले, तीही कधी मिळाली नाही. जास्तीत जास्त आठ जण घेणार असं सांगितलं होतं. तिथं पोचलो तर वीसहून जास्त माणसं होती आणि ज्यांच्या नावावर आम्ही आलो ते मार्गदर्शक 'अचानक अडकले' होते.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. गर्दी, बदललेला मार्गदर्शक, न मिळालेली पावती हे आपल्याकडे नेहमीचंच आहे. खरी फसवणूक दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला झाली.

ऊन चांगलं तापलं होतं. आम्हाला रिसॉर्टच्या मागं घाणेरीच्या झुडपांपाशी नेलं आणि गोलाकार उभं केलं. एका फुलाच्या गुच्छावर ब्लू मॉर्मन पंख पसरून बसलं होतं. वीस लेन्स त्याच्यावर रोखल्या गेल्या आणि ते हललं नाही. ज्यांनी हे फुलपाखरू जंगलात पाहिलंय त्यांना यात काय खटकतं ते लगेच कळेल. ब्लू मॉर्मन फुलावर टेकत नाही म्हटलं तरी चालेल. मध पितानाही त्याचे पंख सतत फडफडत असतात, एका गुच्छावर दोन क्षण आणि लगेच पुढच्या. ओल्या मातीवर क्षार शोषायला बसलेले नर तेवढे जरा जवळ येऊ देतात. ऐन उन्हात, माणसांच्या गराड्यात, फुलावर निवांत पंख पसरून बसलेलं ब्लू मॉर्मन मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मी तीन-चार फोटो काढले आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठे करून बघितले. पहिली गोष्ट दिसली ती सोंडेची. ती घट्ट गुंडाळलेली होती. म्हणजे फुलावर बसून ते काही पीत नव्हतं. पाय पाकळ्यांना पकडून नव्हते, नुसते टेकलेले होते, एक तर हवेतच होता. मग पंख पाहिले. पुढच्या दोन्ही पंखांवर, कडेपासून सारख्याच अंतरावर, रंगीत भुकटीसारखे बारीक खवले उडालेला लांबट पट्टा होता, बोटाच्या पेराएवढा. झाडाझुडपांत फिरून झिजलेल्या पंखांवर असे जोडीनं, समोरासमोर डाग पडत नाहीत. पंख मिटून अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरलं की पडतात.

पंखांवर थेंबही होते. "दव बघा, दव!" असं मार्गदर्शक सांगत होता. अकरा वाजता, उन्हात! फुलपाखराच्या पंखांवर पाणी पसरून बसत नाही. खवल्यांच्या बारीक रचनेमुळे थेंब गोळी होऊन राहतो नाहीतर घरंगळून जातो. हे थेंब मात्र चपटे बसले होते, वाळत नव्हते, आणि फक्त कॅमेऱ्यांच्या बाजूला होते. पाण्यात ग्लिसरिन मिसळून फवारलं की असं दिसतं.

थोड्या वेळानं पंख थरथरायला लागले. माझ्या शेजारी सांगलीच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "अगं बाई, याला थंडी वाजतेय की काय?" त्यांनी अगदी बरोबर ओळखलं होतं. फुलपाखराला स्वतःच्या शरीराची ऊब धरून ठेवता येत नाही. उडण्याआधी छातीचे स्नायू साधारण तीस अंशांच्या आसपास तापावे लागतात. ऊन मिळालं नाही किंवा अंग फार गार पडलं असेल तर ते पंख थरथरवून स्नायू तापवतं. भर उन्हात ते हे करत होतं, कारण मिनिटापूर्वीपर्यंत ते बर्फासारखं गार होतं. मग ते फुलावरून खाली पडलं. आयोजकांच्या पोरानं उचलून पुन्हा ठेवलं. तिसऱ्यांदा पडल्यावर "आता हे दमलं" म्हणत ते बाजूला नेलं आणि झाकणाला भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यातून दुसरं काढलं.

मी स्वयंपाकघरात गेलो. तिथं काम करणाऱ्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "काका, कालचीच आहेत ती. जाळीनं धरून आणतात नि रात्री फ्रीजमधे ठेवतात." त्यानं फ्रीज उघडून दाखवला. दुधाच्या पिशव्या, कोथिंबिरीची जुडी आणि खालच्या कप्प्यात तसेच सहा-सात डबे. एकात प्लेन टायगर जातीची दोन फुलपाखरं मिटलेल्या पंखांनी आडवी पडलेली, एकात चतुर, एकात खंडोबाचा किडा, म्हणजे प्रार्थनाकीटक. प्लेन टायगरपैकी एक मेलेलं होतं. मला तिथं फार वाईट वाटलं आणि रागही आला. मी फ्रीजचे आणि डब्यांचे फोटो काढले. हे फोटो पुढं कामाला आले.

आयोजकाला सगळ्यांसमोर विचारलं. तो जराही वरमला नाही. "सर, निसर्गाला थोडी मदत केल्याशिवाय फोटो होत नाही. सगळेच करतात." सगळे करत नाहीत. ज्यांना गरज पडते ते का करतात ते मात्र समजून घ्यायला हवं, कारण त्यातच या धंद्याची किल्ली आहे. एकास एक आकारात, म्हणजे कीटक जेवढा आहे तेवढाच सेन्सरवर उमटेल इतक्या जवळून, लेन्सचं छिद्र बरंच बारीक करून, म्हणजे एफ ११ ला, फोटो काढला तरी फोकसमध्ये येणारी खोली जेमतेम एक-दीड मिलिमीटर असते. डोळा स्पष्ट आला तर मिशांची टोकं जातात. म्हणून फोकस थोडा थोडा सरकवत वीस-तीस फोटो काढून ते जोडतात, ज्याला स्टॅकिंग म्हणतात. त्यासाठी कीटक काही सेकंद पूर्ण स्थिर लागतो. असे नखशिखान्त स्पष्ट फोटो बघून लोकांना तेच हवे असतात, आणि शनिवार-रविवारात वीस जणांना ते द्यायचे तर जिवंत, मोकळं फुलपाखरू परवडत नाही.

स्थिर कीटक प्रामाणिकपणे मिळतो, पण पहाटे. सूर्य उगवायच्या आधी गवताच्या काड्यांवर झोपलेले चतुर, टाचण्या (चतुरासारखेच, पण बारीक अंगाचे कीटक), छोटी निळी फुलपाखरं अंग गार असल्यामुळे हलत नाहीत आणि त्यांच्यावरचं दव खरं असतं. ऊन अंगावर आलं की दहा-पंधरा मिनिटांत सगळं संपतं. कॅम्पवाला जर पहाटे उठवत नसेल आणि नाश्ता झाल्यावर दुपारपर्यंत 'स्थिर' कीटक दाखवत असेल, तर ते कुठून आले हे विचाराच. सगळ्यांना एकाच झुडपाभोवती गोल उभं करणं हीदेखील खूण आहे. मोकळं फुलपाखरू वीस माणसांचं वेळापत्रक पाळत नाही.

असे फोटो पुढं नावावर येतात तेव्हा आणखी नुकसान होतं. आमच्यातल्या एका मुलानं त्यातलाच फोटो स्पर्धेला पाठवला होता. मी त्याला गाठून तो मागं घ्यायला लावला. मोठ्या वन्यजीव स्पर्धा रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली काहीही न बदललेली मूळ फाइल, मागतात आणि बनावट प्रसंग आढळला तर बक्षीस काढून घेतात. ब्राझीलमध्ये वाळवीच्या चमकत्या वारुळापाशी आलेल्या मुंगीखाऊच्या फोटोला लंडनच्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत २०१७ साली पारितोषिक मिळालं होतं. मुंगीखाऊ पेंढा भरलेला असल्याचा निष्कर्ष निघाल्यावर २०१८ मध्ये ते रद्द झालं. या पोराचा तर दोषही नव्हता. त्यानं पैसे भरून शिकायला म्हणून ते केलं होतं.

पैशांचं काय झालं तेही सांगतो. परतावा मागितल्यावर मला त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढून टाकलं. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आणि आयोजकाला लेखी नोटीस पाठवली. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, आठ जणांचं आश्वासन देणारा मेसेज आणि फ्रीजचे फोटो सोबत जोडले. त्यानंतर निम्मे पैसे परत आले, 'सदिच्छा म्हणून' असं लिहून. उरलेल्यासाठी मी आणि सांगलीच्या बाई जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहोत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण जिथं राहतो तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकील लागतोच असंही नाही.

कीटकांसाठीचा नंबर वेगळा. वनविभागाची हेल्पलाइन १९२६. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येत पकडणं, सापळा लावणं हेही येतं आणि अनुसूचीत, म्हणजे कायद्यानं संरक्षण दिलेल्या प्राण्यांच्या यादीत, काही फुलपाखरांचीही नावं आहेत. कोणती जात अनुसूचीत आहे हे ठरवणं आपलं काम नाही, वनपरिक्षेत्र अधिकारी ते बघतील. डबे समोर असतानाच फोन करा. मी घरी परतल्यावर केला, तोवर रिसॉर्ट रिकामं झालेलं होतं.

पैसे भरण्याआधी आता मी तीन गोष्टी लेखी मागतो: कीटक पकडणार, गार करणार, चिकटवणार किंवा हलवणार नाही असं स्पष्ट वाक्य, मार्गदर्शक आला नाही तर पूर्ण परतावा, आणि संस्थेच्या नावाची पावती. सप्टेंबरात एका आयोजक बाईंना हेच विचारलं. त्यांनी दहा मिनिटांत तिन्ही लिहून पाठवलं आणि खाली जोडलं, "फुलपाखरं दिसतीलच असं मात्र लिहून देता येणार नाही." मी लगेच पैसे भरले.