जुनी गंजकी फोर-बाय-फोर पिकअप: घरच्या दुरुस्तीनंतर एक पावसाळा

गाडी डबल केबिन पिकअप, फोर-बाय-फोर, पुढे-मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), वयाची पंधरा वर्षं कधीच उलटलेली. राहतो दापोली तालुक्यात, समुद्र चालत जाण्याच्या अंतरावर. बागेतून आंब्याच्या पेट्या काढणं, शेणखत नेणं, कधी चिऱ्यांची खेप, ही तिची कामं. दिवाळीनंतर खालच्या अंगाचं काम स्वतः करायला घेतलं. आता पुरता पावसाळा काढून झालाय, त्यामुळे काय टिकलं आणि काय नाही ते ठामपणे लिहिता येईल.

कोकणात गाडी आतून गंजते. वरचा पत्रा आपण रोज बघतो, पण खरं दुखणं चेसिसच्या, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याच्या, पोकळीत असतं. तिथे तांबडी माती जाऊन बसते आणि त्या मातीत खाऱ्या वाऱ्याचं मीठ मुरतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून ओलं होतं. आपल्याकडे पावसाळाभर आर्द्रता त्याच्या वरच असते, म्हणजे गाडी पडवीत कोरडी उभी असली तरी आतलं काम चालूच. म्हणून मी रंगाच्या आधी हातोडी घेतली. चेसिस ठोकत पुढे सरकायचं. टणक आवाज आला तर लोखंड शाबूत, ‘भद’ वाजलं की तिथे पेचकस टोचायचा. मागच्या डाव्या पाट्याच्या हँगरपाशी (पाटा चेसिसला जिथे टांगलेला असतो तिथे) पेचकस सरळ आत गेला आणि तिथून ओली माती आणि गंजाच्या खपल्या बदाबदा पडल्या. एकेक खपली बोटाच्या पेराएवढी जाड!

कंपनीने चेसिसला पाणी निघून जायला भोकं ठेवलेली असतात. ती सगळी बुजली होती. तारेने मोकळी केली, पाइप लावून आतून धुतलं, आणि हेच काम सगळ्यात जास्त उपयोगी पडलं असं माझं मत आहे. फक्त पाणी गोडं हवं. मे महिन्यात किनाऱ्याजवळच्या विहिरी मचूळ होतात, त्या पाण्याने धुणं म्हणजे पुन्हा मीठच भरणं.

हँगरचं वेल्डिंग मात्र मी केलं नाही. वेल्डर काकांनी खालून बघितलं आणि म्हणाले, “भाऊ, इथे वेल्डिंग धरायला पत्राच नाय उरला.” शाबूत लोखंड लागेपर्यंत त्यांनी कापलं आणि जाड पट्टी बसवली. चेसिसचं आणि स्टिअरिंगचं वेल्डिंग कसलेल्या हातानेच व्हावं. बॅटरीच्या आणि अल्टरनेटरच्या वायरी आधी सोडायच्या, डिझेलची टाकी जवळ असेल तर ती उतरवायची.

आता रंगाबद्दल. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून जिथे पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासता आलं, तिथे झिंक प्रायमर आणि वर एनॅमल. ते पावसातून जसंच्या तसं बाहेर आलं. जस्त लोखंडाला थेट चिकटलं तरच ते स्वतः झिजून लोखंड वाचवतं, त्यामुळे गंजावर झिंक मारून पैसे घालवू नका. कोपऱ्यात ब्रश पोचत नाही, तिथे फॉस्फरिक अॅसिडवालं रस्ट कन्व्हर्टर लावलं. गंज काळा पडतो, त्यावर रंग चढतो. पण पोपडे आधी खरवडले नाहीत तर ते त्यांच्यासकट सुटून येतं. नुसता रेड ऑक्साइड मारलेल्या लोडबॉडीच्या कडा गणपतीपर्यंतच तांबूस झाल्या. पोकळीच्या आत मेणाचा स्प्रे मारला, तो अजून चिकट आहे. जळकं ऑइल चोपडायची आपल्याकडची पद्धत मला पटत नाही. रबरी बुश फुगतात आणि पावसात ते सगळं वाहून झाडांच्या मुळाशी जातं.

ब्रेकचे पाइप क्लिपांच्या खालीच खाल्लेले होते, क्लिप काढल्याशिवाय दिसतही नाहीत. सगळे बदलून तांबं-निकेलचे टाकले, त्यांना गंजाची भीती नाही. ब्रेक ऑइलही दमट हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ प्रतीचं ऑइल नवं असताना २०५ अंशांच्या आत उकळू नये असं मानक आहे, पाणी मुरल्यावर तोच आकडा १४० वर येतो. भरलेली गाडी घाट उतरताना हा फरक जिवावर बेतू शकतो. मी ते दर वर्षी बदलणार आहे.

फोर-बाय-फोरचं सांगायचं तर, हब (पुढची चाकं एक्सलला जोडणारे खटके) सोडलेले ठेवले की पुढचा डिफरन्शियल (एक्सलमधला गिअरचा गोळा) फिरत नाही आणि आतलं तेल वर चढत नाही. म्हणून महिन्यातून एकदा हब लॉक करून, फोर-बाय-फोर लावून बागेतल्या कच्च्या रस्त्यावर थोडी फिरवतो. डांबरी रस्त्यावर नाही, पुढच्या-मागच्या एक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नसल्याने शाफ्टवर ताण येतो. ओढ्याच्या पाण्यात चाकं बुडाली की तापलेला एक्सल थंड होताना पाणी आत ओढतो. त्यामुळे पाऊस संपल्यावर ड्रेन बोल्ट सोडला. पुढचं तेल स्वच्छ होतं, मागचं दुधाळ निघालं. बदललं, ब्रीदरची (एक्सलमधली हवा आत-बाहेर जायची) नळी नवी घातली. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसना ग्रीस मारल्यापासून खालची खटखट गेलीय.

किनाऱ्यावरची अशी जुनी गाडी घेणार असाल तर बाहेरचा रंग बघण्यात वेळ घालवू नका. हातोडी न्या, ब्रेक पाइपची एक क्लिप सोडायला सांगा, मागच्या पाट्यांचे हँगर ठोका आणि दोन्ही डिफरन्शियलचं तेल बोटावर घेऊन बघा. मालक नको म्हणाला तर सरळ दुसरी गाडी बघा.