स्टेज फाइव्हच्या खोट्या प्लेटा लावून मला 4 जनरेटर विकले

माझा भोसरीत एक्स्पोर्टचा छोटा धंदा आहे, डिझेल पंपसेट आणि जनरेटर, बारा-तेरा वर्षं झाली, बहुतेक माल केनिया-टांझानियाला जातो. तिकडचं गिऱ्हाईक सरळ सांगतं की साधं इंजिन द्या, गावात डीईएफ (धूर स्वच्छ करायला लागणारं युरियाचं पाणी) मिळत नाही आणि त्याची टाकी रिकामी झाली की इंजिन दम सोडतं. माल निघायच्या आधी पीव्हीओसीचा (तिकडच्या सरकारने ठरवलेली, माल पाठवण्याआधीची तपासणी) इन्स्पेक्टर इथेच येऊन मशीन बघतो, त्याचं सर्टिफिकेट मिळालं की मोंबासाला सहसा अडचण येत नाही. माझ्या डोक्यात तेच बसलं होतं, की काही चुकलं तर इथेच कोणीतरी सांगेल.

2024 ची दिवाळी झाली आणि पोर्तुगालची ऑर्डर आली. गिऱ्हाईक मूळचे दीवचे, कित्येक वर्षं लिस्बनला, हिंदी-गुजराती मिसळून बोलणार, माणूस एकदम सज्जन. अलेन्तेजो भागातल्या बागांना पाणी द्यायला 125 केव्हीएचे 4 सायलेंट सेट हवे होते आणि अट एकच, इंजिन युरोपच्या स्टेज फाइव्हचं, म्हणजे तिकडच्या धुराच्या कडक नियमांत बसणारं पाहिजे.

ज्या डीलरकडून मी घेतले त्याचं नाव लिहीत नाही, केस चालू आहे. तो म्हणाला, दादा, आपलं सीपीसीबी फोर प्लस (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे जनरेटरच्या धुराचे नियम) म्हणजे स्टेज फाइव्हच, आकडे सारखेच आहेत, फक्त एक्स्पोर्टचं व्हर्जन वेगळं येतं, सेटमागे सव्वादोन लाख जास्त पडतील. आता यात अर्धं खरं आहे म्हणूनच मी फसलो. 1 जुलै 2023 पासून आपल्याकडे जनरेटरला जे नॉर्म्स लागले ते खरंच कडक आहेत, या साइजच्या इंजिनला नॉक्सची (धुरातल्या नायट्रोजनच्या विषारी वायूंची) मर्यादा किलोवॅट-तासाला 0.40 ग्रॅम, युरोपातही तीच. आणि एक्स्पोर्टसाठी बनवलेल्या सेटला आपले नॉर्म्स लागत नाहीत हेही खरं, त्यामुळे एक्स्पोर्ट व्हर्जन वेगळं असतं हे पटलं. पण काजळीचं वजन आपल्याकडे 0.02 चालतं, तिकडे 0.015, आणि वरून ते कण मोजतात, किलोवॅट-तासाला एक लाख कोटीच्या वर गेले की नापास, म्हणून धुराच्या वाटेत डीपीएफ (काजळी अडवणारी गाळणी) बसवावा लागतो. आणि समजा सगळे आकडे जुळले तरी युरोपियन युनियनमधल्या देशाच्या अथॉरिटीने त्या इंजिनाला मंजुरी दिलेली असावी लागते. ती नसेल तर इंजिन कितीही स्वच्छ असो, तिथे विकता येत नाही. हे मला माल बंदरात अडकल्यावर कळलं.

शेडमध्ये सेट उतरवले तेव्हा आमचा मिस्त्री कॅनॉपी उघडून बराच वेळ आत बघत बसला होता. म्हणाला, साहेब, इंजिनवरच्या नंबरच्या प्लेटीचे रिव्हेट कोरे करकरीत आहेत आणि कडेने रंग खरवडल्यासारखा दिसतोय. मी डीलरला फोन लावला, तो म्हणाला एक्स्पोर्टची प्लेट कंपनीतून नंतर लावून येते. निळ्या झाकणाची डीईएफची टाकी होती, सायलेन्सरच्या जागी जाडजूड डबा होता, सर्टिफिकेटचा पीडीएफ व्हॉट्सॲपवर आलेला होता, मी गप्प बसलो आणि उरलेले पैसे पाठवून दिले. मिस्त्रीचं ऐकलं असतं तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

जानेवारीत कंटेनर न्हावा शेव्याहून निघाला. लिस्बनला पोचल्यावर तिथल्या कस्टम एजंटने मंजुरीचा नंबर बघितला, त्याची सुरुवात ई 11 अशी होती. हा आकडा देशाचा असतो, ई 1 जर्मनी, ई 21 पोर्तुगाल, आणि ई 11 म्हणजे ब्रिटन. ब्रिटन बाहेर पडलं, 1 जानेवारी 2021 पासून त्यांची मंजुरी युरोपियन युनियनमध्ये चालत नाही, आणि आमच्या सर्टिफिकेटवर तारीख 2023 ची. बनवणाऱ्याने कुठलातरी जुना कागद घेऊन नुसती तारीख बदलली होती.

मग मी इंजिन कंपनीला मेल टाकला. गिऱ्हाईकाने इंजिनच्या ब्लॉकवर (मुख्य लोखंडी भागावर) ठोकलेल्या नंबरचे फोटो पाठवले होते, ते जोडले. दोन दिवसांत उत्तर आलं, ही चारही इंजिनं भारतातल्या विक्रीची आहेत, स्टेज फाइव्हची नाहीत, आणि प्लेटीवरचे नंबर आमचे नाहीतच. हाच मेल पैसे द्यायच्या आधी टाकला असता तर दोन दिवसच लागले असते हो, हे आठवलं की अजून झोप लागत नाही.

30 टक्के ॲडव्हान्स मी परत केला, त्या माणसाची काही चूक नव्हती. बाकीचे पैसे गिऱ्हाईक बँकेतून मालाची कागदपत्रं सोडवताना देणार होतं, ते आलेच नाहीत. डेमरेज (माल बंदरात पडून राहिल्याचा आकार) आणि परतीचं भाडं मिळून साडेनऊ लाख गेले. ईसीजीसीचं (एक्स्पोर्टचे पैसे बुडण्याचा विमा देणारी सरकारी कंपनी) कव्हर होतं, पण मालाच्या क्वालिटीवरून वाद असेल तर ते सहसा पैसे देत नाहीत, हे पॉलिसी घेतानाच नीट वाचा. तीन वर्षांच्या आत तोच माल परत आणला तर ड्यूटी माफ होते, एक्स्पोर्टवर घेतलेला रिफंड फेडावा लागतो, पण माल तोच आहे हे दाखवावं लागतं. शिपिंग बिलावर मी खोट्या प्लेटीवरचे नंबर लिहिले होते, ब्लॉकवर वेगळेच, आता कस्टमच्या साहेबांना समजावायचं काय! कंपनीचा तो मेल दाखवून, जबाब देऊन माल सुटायला पाच आठवडे गेले.

आता कोणी सेट घेत असाल तर प्लेटीचा नाही, ब्लॉकवर ठोकलेल्या नंबरचा फोटो स्वतः काढा आणि थेट इंजिन कंपनीला पाठवा, डीलरमार्फत नको. जीएसटी बिलावर तोच नंबर आणि स्टेज फाइव्ह हे शब्द लिहून घ्या. माझ्या बिलावर नुसतं डीजी सेट 125 केव्हीए एवढंच आहे आणि डीलर आता पोलिसांपुढे म्हणतो की मी स्टेज फाइव्ह म्हणून विकलेच नाहीत.

चारही सेट शेडमध्ये उभे आहेत. इंजिनं चांगली आहेत, इथे सहज विकली गेली असती, पण मूळ प्लेटा डीलरने काढून टाकल्यात आणि तपास संपेपर्यंत कंपनी नव्या द्यायला तयार नाही.