तंबोऱ्याची जवारी काढून घेतली, चार स्टार

आजीच्या वेळचा तंबोरा, खर्जाची तार तुटलेली आणि जवारी, म्हणजे तारेचा तो घुमणारा झणकार, पार बसलेली, म्हणून मिरजेला सतारमेकरांच्या गल्लीत या दुकानात टाकला. सांगलीहून रिक्षानं मांडीवर भोपळा सांभाळत गेलो, खड्डा आला की माझाच जीव खालीवर. गुरुवारी देतो म्हणाले आणि मिळाला पुढच्या बुधवारी, फोन केला की "झालंच की ओ सर". एक स्टार त्याचा कापलाय.

काम मात्र एक नंबर. दुकानातले कारागीर चाचा घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा कानशीनं जरासा घासायचे, तार छेडायची, कान द्यायचा, परत घासायचं, असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. शेवटी तारेखाली सुताचा दोरा सरकवला, तिळभर मागं, तिळभर पुढं, आणि एका जागी तार अशी बोलायला लागली की अंगावर काटाच आला.

मी फिजिक्स शिकवतो, त्यामुळं गप्प बसवेना आणि स्ट्रिंग थिअरी काढली. म्हटलं चाचा, काही शास्त्रज्ञ म्हणतात इलेक्ट्रॉन, क्वार्क हे सगळ्यात बारके कण म्हणजे ठिपके नाहीतच, सगळ्याच्या मुळाशी एकच बारीक तार, ती थरथरेल तसा कण. लांबी साधारण दशांश चिन्हापुढं ३४ शून्यं आणि मग एक, इतके मीटर. चाचांचा पहिला प्रश्न, "पितळेची का पोलादाची?" कशाचीच नाही, तीच मूळ, तिला जाडीसुद्धा नाही. "आणि खुंट्या?" म्हटलं काही तारा तर रबरबँडसारख्या टोकं जुळलेल्या, त्यांच्याच एका थरथरीतून गुरुत्वाकर्षणाचा कण निघतो, हे १९७४ मध्ये लक्षात आलं म्हणून तर एवढा गाजावाजा. "बरं, ताण?" आता आली का पंचाईत! ताण आहे, पण तार ओढली तर नुसती लांबते, ताण तेवढाच राहतो, आपल्या तारेसारखा चढत नाही. चाचांनी कानस खाली ठेवली, "मग सुरात लावायची कशी ओ?"

मी म्हटलं लावायचं सोडा, प्रयोगात अजून कुणाला सापडलेलीच नाही, ५० वर्षं होऊन गेली.

"म्हंजे तुमचीबी डिलिव्हरी लेटच की सर."

तरी स्टार कापलाय तो कापलाय. बिल आधी सांगितलं तेवढंच घेतलं. चारचाकी नेऊ नका, गल्लीत वळत नाही.