शाळा-आरोग्य कार्यक्रमाचं मोजमाप: नोंदवही, निरीक्षण शाळा, नमुना पाहणी की तुलना-गट?

जंतनाशक गोळ्या असोत, लोहगोळ्या असोत, डोळ्यांची तपासणी असो की हात धुण्याची सोय, कार्यक्रम कसा चाललाय हे बघायचे मार्ग साधारण चार आहेत. एक, शाळांकडून येणारे नियमित अहवाल. दोन, दरवर्षी त्याच ठरावीक शाळांची तपासणी. तीन, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या शाळांची नमुना पाहणी. चार, तुलना-गट ठेवून केलेलं परिणाम-मूल्यमापन. पैसा आणि माणसं बेताची असली की चारही जमत नाहीत. बहुतेक कार्यक्रमांना आटोपशीर नोंदवही आणि दोन-तीन वर्षांतून एकदा नीट केलेली नमुना पाहणी पुरते, असं आमचं मत आहे. उरलेले दोन मार्ग ठरावीक प्रश्नांसाठीच घ्यावेत.

निवडीआधी एक कागद घ्या आणि त्यावर लिहा: आकडा हातात आल्यावर कोणता निर्णय बदलणार? 2000 साली डाकारच्या जागतिक शिक्षण परिषदेत जागतिक आरोग्य संघटना, युनेस्को, युनिसेफ आणि जागतिक बँक यांनी मिळून ‘फ्रेश’ ही चौकट मांडली. तिचे चार खांब म्हणजे शाळेचं आरोग्य धोरण, पाणी-स्वच्छता, कौशल्यांवर आधारित आरोग्यशिक्षण आणि शाळेतल्या आरोग्य-पोषण सेवा. प्रत्येक खांबाखाली मोजता येण्यासारखं इतकं आहे की सगळंच मोजायला गेलं तर मूळ काम बाजूला पडतं. ज्या आकड्यामुळे काहीच बदलणार नाही, तो यादीतून काढा.

नोंदवही

सर्वांत स्वस्त मार्ग हाच, आणि सर्वांत फसवाही. ‘किती मुलांपर्यंत पोहोचलो’ या टक्केवारीत अंशापेक्षा छेद जास्त दगा देतो. जंतनाशक गोळ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं 75 टक्क्यांचं उद्दिष्ट भागातल्या सगळ्या शाळकरी वयाच्या मुलांसाठी आहे. शाळेचा अहवाल मात्र पटसंख्येवर निघतो. शाळेबाहेरची मुलं छेदातून गायब होतात आणि पटावरची बोगस नावं त्यात शिरतात.

अंश तपासायला गोळ्यांचा साठा उपयोगी पडतो. सुरुवातीचा साठा अधिक आलेल्या, वजा उरलेल्या, वजा वाया गेलेल्या गोळ्या, म्हणजे प्रत्यक्ष दिलेल्या. समजा शिल्लक काहीच नव्हती, 400 गोळ्या आल्या, 31 उरल्या आणि 7 थुंकल्या वा फुटल्या. दिलेल्या झाल्या 362. नोंदवहीत 390 मुलांपुढे खूण असेल तर 28 खुणा जास्तीच्या आहेत. बहुधा त्या दिवशीच्या हजेरीऐवजी अख्ख्या पटावर खुणा झालेल्या असतात. मुलाने गोळी समोर चावून गिळल्यावरच खूण करायची आणि गैरहजर मुलांना नंतर दिलेल्या डोसासाठी वेगळा रकाना ठेवायचा, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. एकूण रकाने सहा-सातच्या वर नेऊ नका. शिक्षकाला वर्ग सांभाळून हे भरायचं असतं, आणि रकाने वाढले की शेवटचे रकाने घरी बसून भरले जातात. ज्या शाळेचा अहवाल आलाच नाही तिच्यापुढे शून्य लिहू नका, ‘अप्राप्त’ लिहा. नाहीतर अहवाल रखडला की कामच झालं नाही असं दिसतं.

नोंदवहीला जोड म्हणून 19 मुलांची झटपट पडताळणी करता येते. एका पर्यवेक्षकाच्या हद्दीतल्या सगळ्या मुलांतून चिठ्ठ्या टाकून 19 मुलं निवडायची, गोळी दाखवून ‘ही घेतलीस का’ विचारायचं. 80 टक्क्यांचं लक्ष्य असेल तर 13 किंवा जास्त ‘हो’ आले की हद्द उत्तीर्ण, 12 किंवा कमी आले की तिथे जाऊन बघायचं. यातून फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण कळतं, त्या हद्दीची टक्केवारी काढायची नाही. दिवस वाचवायला एकाच शाळेतली 19 मुलं घेतली तर निकाल त्या शाळेपुरताच राहतो.

ठरावीक निरीक्षण शाळा

मोजक्या शाळा निवडून दरवर्षी तिथेच मोजायचं. कृमींचा प्रादुर्भाव वर्षागणिक घटतोय का, एवढ्याच प्रश्नासाठी ही पद्धत चांगली. शौचाचा नमुना कातो-काट्झ पद्धतीने, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली कृमींची अंडी मोजून, तपासतात. 41.7 मिलिग्रॅमच्या साच्यातली अंडी मोजून 24 ने गुणलं की एका ग्रॅममधली संख्या मिळते. घोळ वेळेचा होतो. काचपट्टीवरच्या ग्लिसरीनमुळे हुकवर्म या कृमीची अंडी पारदर्शक होत दिसेनाशी होतात, त्यामुळे काचपट्टी 30 ते 60 मिनिटांत वाचावी लागते. गोलकृमी आणि व्हिपवर्म या कृमींची अंडी नंतरही वाचता येतात. काचपट्ट्या संध्याकाळी प्रयोगशाळेत नेऊन वाचल्या, तर हुकवर्म संपल्याचा आनंदाचा अहवाल खुशाल तयार होतो.

दुसरी खोट शाळांच्या निवडीतच असते. जिथे दरवर्षी पथक येतं तिथे गोळ्या वेळेवर पोहोचतात, मुख्याध्यापक सावध असतात आणि नळही दुरुस्त होतो. त्या शाळांची सुधारणा ही सगळ्या भागाची सुधारणा समजू नका. कार्यक्रम सुरू करताना सर्वांत वाईट शाळाच निवडल्या असतील तर आणखी पंचाईत. टोकाचे आकडे दुसऱ्या मोजणीत आपोआप थोडे मध्याकडे सरकतात, आणि ते श्रेय कार्यक्रमाच्या खात्यात जमा होतं.

नमुना पाहणी

पैसा घालायचा तर इथे. 95 टक्के खात्रीने 5 टक्क्यांच्या आत-बाहेर अंदाज हवा असेल, तर सुटी मुलं निवडताना 384 पुरतात. पण मुलं शाळाशाळांतून गटाने निवडली जातात, आणि एकाच शाळेतली मुलं पाणी, शिक्षक, वस्ती यांमुळे एकमेकांसारखी असतात. हे साधर्म्य (0 म्हणजे मुळीच नाही, 1 म्हणजे अगदी सारखी) 0.04 धरलं आणि प्रत्येक शाळेतून 26 मुलं घेतली, तर संख्या दुप्पट करावी लागते: 30 शाळा, 780 मुलं. प्रवास वाचवायला तीच 780 मुलं 10 शाळांतून, म्हणजे प्रत्येकी 78 घेतली, तर माहितीचं मोल जेमतेम 190 सुट्या मुलांइतकं उरतं. मोजणीचे कष्ट तेवढेच, पण माहितीचं मोल निम्म्यावर. पाहण्यांच्या नियोजनात सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच. शाळा वाढवा आणि प्रत्येक शाळेतली मुलं कमी करा.

शाळा निवडताना पटसंख्येच्या प्रमाणात संधी द्या, आणि मग प्रत्येक शाळेत मुलांची संख्या सारखीच ठेवा. मुलं हजेरीपटावरून निवडा, वर्गात बसलेल्यांतून नको. आजारी मूल त्या दिवशी घरी असतं. गैरहजर मुलांसाठी दुसरी फेरी ठेवली नाही तर प्रत्येक पाहणीत मुलं असतात त्यापेक्षा निरोगी दिसतात. दोन पाहण्या एकाच ऋतूत करा. पहिली पावसाळ्यात आणि दुसरी कोरड्या दिवसांत झाली तर जुलाब, त्वचारोग, गैरहजेरी यांतला फरक ऋतूचा की कार्यक्रमाचा, हे नंतर सांगता येत नाही.

मोजमाप करणाऱ्याचा हात इथे कळीचा. हिमोग्लोबिनसाठी बोट टोचल्यावर पहिले थेंब कोरड्या कापसाने पुसून टाका आणि पुढचा घ्या, बोट पिळू नका. पिळलं की पेशींच्या मधल्या जागेतला द्रव रक्तात मिसळून आकडा खाली येतो आणि रक्तक्षय नसलेलं मूल रक्तक्षयात मोजलं जातं. 5 ते 11 वर्षांना 11.5 आणि 12 ते 14 वर्षांना 12 ग्रॅम प्रति डेसिलिटर ही सीमा आहे (उंच प्रदेशात उंचीनुसार दुरुस्ती करावी लागते). सीमेच्या आसपास बरीच मुलं असतात, तिथे अर्ध्या ग्रॅमची चूकही टक्केवारी हलवते. उंची दोनदा मोजा, अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावरून घेताना सगळ्या वर्गाचा जन्म एकाच तारखेचा दिसला तर ती प्रवेशासाठी टाकलेली तारीख समजा. वयानुसार उंचीचे सगळे निष्कर्ष तिच्यापायी चुकतात.

स्वच्छतागृहांबाबत प्रश्न विचारण्यापेक्षा बघा. दार आतून लागतं का, मुलींसाठी वेगळं आहे का, कुलूप लावून ठेवलंय का, हात धुण्याच्या जागी त्या क्षणी पाणी आणि साबण दोन्ही आहेत का. ‘साबण आहे, कपाटात आहे’ हे उत्तर ‘नाही’मध्ये मोजायचं.

तुलना-गट

उपाय खरोखर काम करतो का, हे आधीच ठाऊक असेल तर हा मार्ग नको. तो महाग आहे आणि त्याला वर्षं लागतात. उपाय नवा असेल किंवा परिणामावर वाद असेल तेव्हा मात्र पर्याय नाही. केनियातल्या बुसियात एडवर्ड मिगेल आणि मायकेल क्रेमर या अर्थशास्त्रज्ञांनी 75 शाळांचे तीन गट करून जंतनाशक औषध टप्प्याटप्प्याने दिलं. 2004 साली निकाल छापून आले: गैरहजेरी साधारण पाव हिश्शाने घटली, परीक्षेच्या गुणांत फरक दिसला नाही. 2015 मध्ये त्याच आकड्यांची फेरतपासणी झाली, गणितातल्या चुका सापडल्या आणि वाद आजही चालू आहे. इतक्या काळजीपूर्वक आखलेल्या अभ्यासाची ही गत, तर सोयीने निवडलेल्या दोन-चार शाळांशी तुलना करून ‘परिणाम सिद्ध झाला’ असं लिहिणारा अहवाल बाजूला ठेवलेला बरा.

तिथला आणखी एक मुद्दा आखणीच्या कामाचा. एका शाळेतली कृमीबाधा घटली की शेजारच्या शाळेलाही फायदा होतो. तुलनेच्या शाळा जवळजवळ असतील तर फरक खरा असूनही कमी दिसतो.

नाहीतरी गोळ्या, प्रशिक्षण आणि वाहनं सगळीकडे एकदम पोहोचत नाहीत. ‘पहिल्या वर्षी कोणत्या शाळा, दुसऱ्या वर्षी कोणत्या’ हे सोडत काढून ठरवलं तर तुलना-गट जवळपास फुकट मिळतो आणि शेवटी कोणीच वंचित राहत नाही. ही सोडत पहिली पाहणी झाल्यावर आणि शाळांची यादी जाहीर होण्याआधी काढावी लागते. यादी एकदा बाहेर गेली की शिफारशी सुरू होतात, आणि रस्त्यालगतच्या शाळा पहिल्या वर्षात सरकतात.