वखारीतले रॉबिन हूड गार्डन्स

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने पूर्व लंडनच्या ऑलिम्पिक पार्कमधले आपले नवे कोठार २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस सर्वांसाठी खुले केले. ‘व्ही अँड ए ईस्ट स्टोअरहाऊस’ असे त्याचे नाव असले, तरी आमच्या घरात त्याला वखारच म्हणतात, आणि तेच नाव त्याला अधिक शोभते. कारण येथे अडीच लाखांहून अधिक वस्तू ठेवल्या असून त्यांतल्या पुष्कळशा मालाच्या मांडण्यांवर, खोक्यांच्या आणि लाकडी चौकटींच्या सोबतीने उभ्या आहेत. प्रवेशाला पैसे पडत नाहीत, हॅकनी विक स्टेशनपासून चालत जाता येते, आणि आधी नोंदणी केली तर कोठारातल्या पाच वस्तूंपर्यंत आपल्यासाठी काढूनही ठेवतात. मात्र मी गेले होते ती एका पाडलेल्या इमारतीचा तुकडा पाहायला, आणि सोबत नायगावच्या बीडीडी चाळीत अर्धे आयुष्य काढलेली माझी आई होती.

ही इमारत म्हणजे पूर्व लंडनच्या पॉप्लर भागातली रॉबिन हूड गार्डन्स. अ‍ॅलिसन आणि पीटर स्मिथसन या वास्तुविशारद दांपत्याने ग्रेटर लंडन कौन्सिलसाठी तिचा आराखडा केला आणि १९७२ मध्ये ती बांधून पुरी झाली. एक दहा मजल्यांची, दुसरी सात मजल्यांची अशा दोन लांबलचक काँक्रीटच्या इमारती समोरासमोर होत्या, मध्ये बाग होती आणि बागेत राडारोड्यावर माती टाकून केलेली एक हिरवी टेकडी होती. दर तिसऱ्या मजल्यावर बाहेरच्या अंगाने रुंद गॅलरी होती. ‘आकाशातला रस्ता’ हा तिच्यामागचा विचार होता, म्हणजे मुले तेथे खेळतील, शेजारी दारात उभे राहून बोलतील. तिला ऐतिहासिक वास्तूचा दर्जा द्यावा अशी मागणी नामवंत वास्तुविशारदांनी केली होती. ती मान्य झाली नाही. २०१७ च्या डिसेंबरात पश्चिमेकडची इमारत पाडायला सुरुवात झाली, आणि तिचा तीन मजली उंचीचा एक तुकडा म्युझियमने आपल्या संग्रहात घेतला. २०१८ मध्ये त्यातले काही भाग व्हेनिसच्या वास्तुकला प्रदर्शनात मांडले गेले, तेव्हा पूर्वेकडच्या इमारतीत लोक अजून राहत होते. हे मला आजही खटकते.

वखारीत या तुकड्याचा दर्शनी भाग पुन्हा जोडून उभा केला आहे. खिडक्यांच्या मधून बाहेर आलेल्या काँक्रीटच्या उभ्या पट्ट्या छायाचित्रांत भेदक दिसतात; येथे, इतक्या उंच छताखाली, त्या मला साध्या आणि थोड्या एकाकी वाटल्या. रस्त्याचा गोंगाट मोडावा हे त्या पट्ट्यांचे काम होते, कारण इमारतीला खेटूनच ब्लॅकवॉल बोगद्याकडे जाणारी वाहतूक धावत असे. वखारीत गोंगाट नाही, त्यामुळे पट्ट्यांना काही काम उरलेले नाही. प्रत्येक दारासमोर थोडी आत घेतलेली जागा वास्तुविशारदांनी मुद्दाम सोडली होती, लोकांनी तेथे कुंड्या ठेवाव्यात म्हणून, असे मी आईला समजावून सांगितले. “कुंड्यांची जागा आधीच ठरवून दिली होती?” तिने विचारले. आमच्या चाळीत कुंडीची जागा भांडून मिळवावी लागे.

आमचे बोलणे चालू असताना शेजारी एक वयस्क बाई नातवाला घेऊन उभ्या होत्या. त्या मूळच्या बांगलादेशातल्या सिल्हेटच्या. चित्रपट पाहून शिकलेल्या हिंदीत त्या आईशी बोलू लागल्या, आणि पुढचा अर्धा तास मला कोठारातले दुसरे काहीही पाहता आले नाही. त्यांनी रॉबिन हूड गार्डन्समध्ये वीस वर्षे काढली होती. घराच्या आत जिना होता, याचा त्यांना अजूनही अभिमान वाटत होता. ईदला गॅलरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झाकलेली ताटे फिरत असत. त्याच गॅलरीच्या टोकाशी असलेल्या जिन्यात दिवा नसे, आणि लिफ्टमध्ये इतकी घाण असे की त्या पिशव्या घेऊन पायऱ्या चढत. भिंतीला ओल होती, मुलगा दम्याने खोकत असे, आणि तोच मुलगा त्या टेकडीवरून गडगडत खाली येण्यासाठी शाळेतून धावत येई. इमारत पाडावी की राखावी, असे विचारले गेले तेव्हा त्यांनी ‘पाडावी’ असे सांगितले होते. त्यांच्या थोरल्या जावेने ‘राखावी’ असे सांगितले, आणि त्यावरून दोघींत काही दिवस अबोला होता.

रहिवाशांमधली ही फूट काही त्या एका घरापुरती नव्हती. बहुसंख्यांना इमारत पाडलेली हवी आहे असे एका बाजूने सांगितले जात होते, आणि घरोघर फिरून नेमका उलटा कौल गोळा करणारे रहिवासीही होते. वास्तुकलेच्या जगात मात्र भांडण वेगळेच होते: ही कलाकृती आहे की फसलेला प्रयोग. म्युझियमने जो भाग जपला आहे, तो मुख्यतः या दुसऱ्या भांडणातला पुरावा आहे. लिफ्ट, जिना, गॅलरीचे टोक, टेकडी, म्हणजे ज्या ज्या गोष्टींवर त्या बाई बोलल्या, त्या जपण्याजोग्या नव्हत्या किंवा उचलून आणता येण्याजोग्या नव्हत्या. हा म्युझियमचा दोष आहे असे मी म्हणणार नाही. निदान काँक्रीट समोर असल्यामुळे दोन अनोळखी बायका अर्धा तास बोलत राहिल्या, आणि हे चित्रावरून झाले नसते. तरीही एकट्याने, घाईत पाहणाऱ्याला हा तुकडा मुका वाटण्याची शक्यता आहे. शक्य असेल तर अशा घरात राहिलेल्या कुणाला तरी सोबत न्यावे.

बाकीचे थोडक्यात सांगते. आग्र्याच्या किल्ल्यातल्या हमामाची संगमरवरी खांबांची रांग येथे आहे, आणि ती कोणत्या वाटेने लंडनला आली, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पंधराव्या शतकातले तोरिहोस येथील स्पॅनिश लाकडी छत पाहताना मान दुखेल, पण पाहावे. कॅफे बरा आहे.

निघताना त्या नातवाने आजीला विचारले, “यातली आपली खिडकी कोणती?” बाईंनी पट्ट्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, “यात नाही, बाळा. हा पश्चिमेचा भाग. आपण समोरच्या इमारतीत राहत होतो.”