दहावीचा निरोप: पटांगणात, हॉलमध्ये की परीक्षा झाल्यावर?

जानेवारी उजाडला की नववीची मुलं स्टाफरूमच्या दाराशी घुटमळायला लागतात. "सर, यंदा दहावीचा निरोप कुठे करायचा?" पूर्वी ती फक्त 'कधी' एवढंच विचारायची. आता शेजारच्या शाळेने मंगल कार्यालय घेतलेलं असतं, कुणाच्या ताईच्या वर्गाची हॉटेलात पार्टी झालेली असते आणि तिथले फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरून आलेले असतात.

तालुक्याच्या गावातल्या मराठी माध्यमाच्या हायस्कूलात मी १९ वर्षं शिकवतोय. त्यातली ११ वर्षं दहावीचा वर्गशिक्षक होतो. पटांगणातला निरोप, हॉलमधली पार्टी, शेवटच्या पेपरानंतरचं जेवण, निकालानंतरचा गुणगौरव, सगळं करून पाहिलंय. यंदा वर्गशिक्षक म्हणून किंवा पालक-शिक्षक संघात बसून हा निर्णय तुमच्याकडे आला असेल, तर आमच्या अनुभवाचा थोडा उपयोग व्हावा. कुठलाही पर्याय समोर आला की मी आधी एकच गोष्ट विचारतो: असं केलं तर वर्गातलं कोण येणार नाही?

आधी तारीख, मग जागा

बहुतेक जण जागेपासून सुरुवात करतात आणि तिथेच घोळ होतो. राज्य मंडळाची दहावीची लेखी परीक्षा वर्षानुवर्षं १ मार्चच्या आसपास सुरू व्हायची. २०२४लाही १ मार्चच होता. त्यामुळे फेब्रुवारीचा दुसरा आठवडा निरोपाचा, हे शाळांच्या अंगवळणी पडलेलं. मग २०२५ला परीक्षा २१ फेब्रुवारीवर आली, २०२६ला २० फेब्रुवारीवर. तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा त्याच्या आधीच्या दोन-अडीच आठवड्यांत उरकायच्या असतात. जुन्या सवयीने १२ किंवा १३ फेब्रुवारी धरलीत, तर प्रयोगवहीवर सही राहिली म्हणून सकाळी रडकुंडीला आलेलं पोर दुपारी स्टेजवर मनोगत सांगायला उभं राहील. आमच्याकडे २०२५ला नेमकं हेच झालं. कार्यक्रम झाला, पण मुलांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

पूर्वपरीक्षा संपल्यावर आणि प्रात्यक्षिकं सुरू व्हायच्या आधी जानेवारीचा शेवटचा आठवडा मिळतो. आता आम्ही तोच धरतो. २६ जानेवारीला झेंडावंदनासाठी मुलं येतातच, पटांगण झाडून सजवलेलं असतं, मांडव आणि माइक आलेला असतो. त्याच दिवशी निरोप उरकू नका, घाई होते. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी केला तर त्याच मांडवाचं भाडं थोडं वाढवून काम भागतं.

परीक्षेनंतर केला तर?

हा पर्याय मनाला फार पटतो. डोक्यावरचं ओझं उतरलेलं, मुलं मोकळी, अभ्यास बुडाला अशी पालकांची कुरकुर नाही. मीही एका वर्षी हट्टाने हेच केलं. भूगोलाचा शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या दिवशी शाळेत मसालेभात, जिलेबी आणि गप्पा. वर्गात ५४ मुलं होती, आली २९.

बाकीची कुठे गेली याचा नंतर हिशेब लावला. काही पेपर सुटताच मामाच्या गावाला गेली होती. परीक्षा केंद्र दुसऱ्या शाळेत होतं, त्यामुळे बरीच जण तिथूनच परस्पर घरी गेली आणि त्यांच्यापर्यंत निरोप पोहोचलाच नाही. ऊसतोड कामगारांची चार मुलं वर्षभर आजी-आजोबांकडे राहून शिकली होती. ती पेपर संपल्याच्या रात्रीच आई-वडिलांकडे फडावर निघून गेली. बीड, अहिल्यानगरच्या पट्ट्यात शिकवणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही. कोकणातले माझे शिक्षक मित्र म्हणतात, त्यांच्याकडे शिमगा या परीक्षेच्या दिवसांतच येतो आणि पेपर संपले की मुलं काजू-आंब्याच्या कामाला लागतात.

शहरातल्या शाळेत, जिथे सगळी मुलं दोन-तीन किलोमीटरवर राहतात, तिथे परीक्षेनंतरचा बेत जमू शकतो. तुमची निम्मी मुलं एसटीने येत असतील तर जमणार नाही.

निकालानंतरचा गुणगौरव

हा निरोप नव्हे, एवढं स्पष्ट सांगून पुढे जातो. पहिल्या पाचांना शाल, पेढे, पालकांसोबत फोटो. ते जरूर करा, मुलांनी कष्ट केलेले असतात. पण ज्याचा गणितात विषय राहिला तो मुलगा त्या दिवशी शाळेच्या रस्त्यानेही जात नाही. वर्गाला निरोप द्यायचा कार्यक्रम गुणांच्या यादीवर बेतला, तर ज्यांना त्या दिवशी कुणीतरी पाठीवर हात ठेवायला हवा असतो तीच मुलं बाहेर राहतात.

शाळेचं पटांगण आणि बाहेरचा हॉल

खरी निवड या दोनांतच आहे. हॉलचे फायदे खरे आहेत. ध्वनियंत्रणा चांगली असते, ऊन लागत नाही, जेवणाची सोय एका जागी होते, शिक्षकांना खुर्च्या उचलाव्या लागत नाहीत. मुलांना आपण मोठे झालो असं वाटतं, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना तसं वाटणं काही चुकीचं नाही.

आम्ही हॉलमध्ये केला त्या वर्षी वर्गणी ४५० रुपये ठेवली होती. जेवण, सजावट, डीजे, सगळं त्यात. ज्यांना जमत नाही त्यांनी गुपचूप सरांना सांगा, असं मी वर्गात सांगितलं. सहा मुलं आली नाहीत. त्यांतल्या एकाने वर्षभर फळा पुसला होता, बेंच दुरुस्त केले होते, स्नेहसंमेलनाचा पडदा त्यानेच ओढला होता. नंतर त्याची आई भेटली तेव्हा कळलं की त्याने घरी पैसे मागितलेच नव्हते, 'कार्यक्रम रद्द झाला' असं सांगून टाकलं होतं. गुपचूप सांगणंसुद्धा त्या वयात किती जड असतं, ते मला तेव्हा कळलं. तो हिशेब चुकला तो माझा.

पटांगणात करायचं तर वर्गणी ५० ते १०० रुपयांत बसते. वडापाव किंवा समोसा, वेफर्स, एक पेढा आणि चहा. मुलांना हे चालतं, अगदी आवडीने चालतं. शाळेत केलं की नववीची मुलं यजमान होतात, आणि ही गोष्ट हॉलमध्ये घडूच शकत नाही. आदल्या संध्याकाळी फलकावर खडूने नक्षी काढणारी, दारात रांगोळी घालणारी, अक्षर बरं आहे म्हणून ५४ पाकिटांवर नावं लिहिणारी नववीची मुलगी पुढच्या वर्षी स्वतः त्या खुर्चीत बसते. तिला तेव्हा ठाऊक असतं की आपल्यासाठीही कुणीतरी उशिरापर्यंत थांबलं होतं.

दुपारी ११ ते ३ ही वेळ ठेवा. आमच्या खेड्यांवरच्या मुली पासवर एसटीने येतात आणि पाचची गाडी चुकली तर पुढची साडेसातला. हॉलवाले संध्याकाळचीच वेळ देतात, कारण दिवसा लग्नं असतात. एवढ्या एका कारणावरूनही माझं मत पटांगणाच्या बाजूने जातं.

सहलीचा प्रस्तावही दरवर्षी येतो. एसटी शालेय सहलीला भाड्यात सवलत देते, त्यामुळे खर्च वाटतो तेवढा नसतो. पण सहलीला परवानगीची कागदपत्रं लागतात, आणि फेब्रुवारी २०१६मध्ये मुरुडच्या समुद्रात सहलीला गेलेले पुण्याचे कॉलेजचे विद्यार्थी बुडाले, तेव्हापासून पाण्याच्या जागी मुलांना नेताना माझी छाती धडधडते. सहल डिसेंबरात काढा, वेगळी काढा. निरोपाशी जोडू नका.

कार्यक्रमात काय ठेवायचं

नेहमीचा साचा सगळ्यांना पाठ आहे: दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा सत्कार, पाच मुलांची मनोगतं, तीन शिक्षकांची, मग अध्यक्षीय भाषण आणि आभार. दोन तास जातात आणि बोलणारी मुलं तीच असतात जी सहा वर्षं प्रत्येक कार्यक्रमात बोलत आली. बाहेरचा पाहुणा बोलावूच नका, असं मी आता ठामपणे सांगतो. त्यांना मुलांची नावं माहीत नसतात, त्यामुळे भाषण यशाच्या गुरुकिल्लीवर जातं.

शेलापागोटे हा आपल्याकडचा जुना आणि गोड प्रकार. प्रत्येकाला उद्देशून दोन ओळी, टाळ्या, हशा. कॉलेजात चालतो तसा तो शाळेत जसाच्या तसा आणला तर मात्र जपा. एका मुलीच्या वजनावरून चार ओळी वाचल्या गेल्या आणि ती हसली, पण फोटोला उभी राहिली नाही. आता आमच्याकडे ओळी आधी वर्गशिक्षिका वाचतात, आणि दिसण्यावर, घरावर, गुणांवर काही लिहायचं नाही हा नियम आहे. मुलं हुशार असतात. तेवढ्या चौकटीतही ती फार सुंदर लिहितात.

गेली चार वर्षं आम्ही भाषणांऐवजी हजेरी घेतो. शेवटची हजेरी. मी कॅटलॉग उघडतो, पहिल्या क्रमांकापासून पूर्ण नाव घेतो, वडिलांच्या नावासकट. मुलगा किंवा मुलगी उठते, "हजर" म्हणते आणि एकच आठवण सांगते. सांगायचं नसेल तर नुसतं "हजर"ही चालतं. ५४ मुलांना तासाच्या आत होतं. एका वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याचा आवाज मी तीन वर्षांत क्वचित ऐकला होता, उठून म्हणाला, "हजर. पाचवीत मला वाचता येत नव्हतं, ते वाचनालयाच्या मॅडमनी शिकवलं." मॅडम शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. निवडक मनोगतांच्या यादीत तो कधीच आला नसता.

शाळा मोठी असेल, दहावीच्या चार-पाच तुकड्या असतील, तर हजेरी ज्या त्या तुकडीने आपापल्या वर्गात घ्यावी आणि मग सगळ्यांनी पटांगणात एकत्र यावं. दोनशे मुलांची हजेरी एका मांडवात घेऊ नका, कुणीच ऐकत नाही.

कपडे, भेटी, हॉल तिकीट

साडी आणि कुर्ता की गणवेश? काही शाळा गणवेशाची सक्ती करतात, हेतू चांगला असतो. मुलींना मात्र आईची साडी नेसून शाळेत यायचं फार अप्रूप असतं, तेवढं त्यांना मिळू द्यावं. "नवीन घ्यायची नाही, घरातलीच" एवढं पंधरा दिवस आधी वर्गात सांगा आणि एका शिक्षिकेला सकाळी साडी नेसवायला, पिना लावायला बसवा. ज्यांच्या घरी ते करणारं कुणी नसतं त्या मुलीही मग येतात.

शाळेला भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ आमच्याकडे सात झालीत. द्यायचंच असेल तर वाचनालयाला पुस्तकं द्यावीत, आत प्रत्येकाची सही असलेली. शाळेने मुलांना परीक्षेचं पॅड आणि दोन पेनं दिली तरी पुरे.

हॉल तिकीट त्याच दिवशी वाटायची पद्धत बऱ्याच शाळांत आहे. मी त्याच्या विरोधात आहे. रडारड, फोटो, फुलं, पिशव्या यांत ते हरवतं आणि मग परीक्षेच्या तोंडावर दुसरं काढायला धावपळ. दुसऱ्या दिवशी वर्गात बसवून द्यावं, बैठक क्रमांक आणि विषय तपासून. वर्गणी राहिलेल्या मुलाचं तिकीट अडवण्याचा विचारही कुणाच्या मनात येऊ देऊ नका.

बारावीचा निरोप वेगळा असतो, दोन वर्षांची ओळख असते, मुलं स्वतः सगळं करतात. तिथे हॉल घेतला तरी मी हरकत घेणार नाही. जिल्हा परिषदेच्या चौथी-सातवीच्या शाळांत तर आख्खं गाव जेवायला येतं, तिथे हे सगळे प्रश्नच पडत नाहीत.

तुमचा निर्णय पटांगणाच्या बाजूने झाला तर आणखी एक करा. सामूहिक फोटो कार्यक्रमाच्या सुरुवातीला, पावणेअकराला काढून घ्या. शेवटी ठेवला की डोळे सुजलेले असतात आणि दोन-चार जण नेहमी गाडीसाठी आधीच निघून गेलेले असतात. फोटोत शिपाई मामा, खिचडी शिजवणाऱ्या मावशी आणि वाचनालयाच्या मॅडम पुढच्या रांगेत बसवा, मागे मुलं. नावं क्रमाने लिहून ठेवा आणि प्रत कॅटलॉगमध्ये चिकटवा.