स्पीकरचे इलेक्ट्रोस्टॅटिक पॅनल टिकतात किती? काही महिने वापरल्यावर

आवाजाचं दोन ओळींत उरकतो, त्यावर सगळेच भरभरून लिहितात. तंबोऱ्याची जवारी या पॅनलवर जशी सुटी सुटी ऐकू येते, तशी साध्या कोनच्या स्पीकरवर मी ऐकलेली नाही. मला घोर होता तो टिकण्याचा. जोडी वापरलेली आहे, हायब्रिड: वर वक्र पॅनल, खाली खर्जाच्या स्वरांसाठी साधा कोनचा वूफर. पॅनलचं वय दहा वर्षांच्या पुढे.

या पॅनलमध्ये विजेने भारलेला पडदा हलून आवाज होतो. लोक बिचकतात ते त्या पडद्यावरचे हजारो व्होल्ट ऐकून. पण प्रवाह जवळजवळ शून्य असतो. पॉलिएस्टरचा केसाहून पातळ पडदा, त्याच्या दोन्ही बाजूंना छिद्रांच्या धातूच्या जाळ्या, बस्स. साध्या स्पीकरसारखी तापायला व्हॉइस कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) नाही, कुजायला कोनच्या कडेचा फोम नाही. क्वाड या ब्रिटिश कंपनीचा पहिला इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर १९५७ सालचा. त्यातले कित्येक, डागडुजी होऊन का होईना, अजून वाजतात.

खरा वैरी म्हणजे धूळ आणि दमट हवा यांची युती. भारित पडदा धूळ ओढतो. कोरडी असेपर्यंत ती फारसा त्रास देत नाही, ओल धरली की तिच्यातून भार गळू लागतो. पडद्यावरचं व्होल्टेज उतरतं आणि मागोमाग आवाजही. माझ्याकडे दमट दिवसांत उजवा पॅनल टकटक करायचा आणि गाणारा मधोमध न राहता डावीकडे सरकायचा. हवा कोरडी झाली की टकटक बंद! दोन्ही पॅनलची अदलाबदल करून पाहिली. दुखणं पॅनलबरोबर डावीकडे गेलं, म्हणजे वीजपुरवठा ठीक होता. ही चाचणी केल्याशिवाय कुणी पॅनल मेला म्हणून सांगितलं तर ऐकू नका. वीजपुरवठ्यातली व्होल्टेज चढवणारी डायोड-कपॅसिटरची साखळीही थकते, आणि तिची दुरुस्ती नव्या पॅनलच्या मानाने किरकोळ असते.

प्लग काढून, भार उतरायला काही तास देऊन मऊ ब्रशच्या व्हॅक्यूमने धूळ काढली. टकटक थांबली. उजवीकडचा आवाज मात्र किंचित उणाच राहिला. माझ्या मते पडद्यावरचा वाहक लेपच थकलाय, तो व्हॅक्यूमने परत येत नाही. पॅनल असे एका दिवसात जात नाहीत, हळूहळू मंदावतात, आणि कान त्या मंदपणाला सरावतो. म्हणून मी त्यांना रेकॉर्ड प्लेअरच्या सुईसारखं किंवा जुन्या रेडिओतल्या व्हॉल्व्हसारखं धरतो: कधीतरी बदलायची वस्तू. बदलायचे तर जोडीनेच, नाहीतर नवा जुन्यावर कुरघोडी करतो.

पॅनलच्या प्रत्येक घराण्याचं दुखणं वेगळं, हेही खरं. क्वाडच्या त्या पहिल्या मॉडेलला जादा ताकदीचा अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) लावला की वरच्या स्वरांच्या पॅनलमध्ये ठिणगी उडून पडद्याला भोक पडतं. क्वाडच्याच १९८१ च्या ईएसएल-६३ मध्ये संरक्षक सर्किट आलं, पण तिथे वर्षानुवर्षांनी गोंद सुटतो. अ‍ॅम्प कुठल्याही पॅनलला कमी रोधाला (म्हणजे कमी ओहमला) न डगमगणारा लागतो; कपॅसिटरसारखा भार असल्याने वरच्या स्वरांत रोध काही पॅनलमध्ये एक-दोन ओहमपर्यंतही घसरतो.

जुनी जोडी पाहायला गेलात तर आधी काही तास प्लग लावून ठेवायला सांगा, नुसता चालू केलेला पॅनल पुरता भारलेला नसतो. मग मोनोत, म्हणजे दोन्ही स्पीकरवर सारखाच, एकच आवाज लावा आणि बरोबर मध्ये बसा. गाणारा एका बाजूला झुकला तर अदलाबदल करू द्या म्हणा. विकणारा त्याला तयार नसेल तर मी ती जोडी घेणार नाही.